खंडौष्ठ व खंडतालू : शस्त्रक्रिया व उपचारांची उपलब्धता

जन्मतःच वरच्या ओठात फट असणे या विकृतीस खंडौष्ठ व टाळूत फट असणे या विकृतीस खंडतालू असे म्हणतात. बोलीभाषेत तिला दुभंगलेला ओठ किंवा फाटलेली टाळू असे म्हटले जाते. या दोन्ही विकृती स्वतंत्रपणे किंवा एकत्रितपणे आढळतात. निरनिराळ्या मानववंशांत त्यांचे प्रमाण कमीजास्त असले, तरी जगभरात सर्वसाधारणपणे सु. ७०० ते १,००० जन्मांमागे एक असे ते धरले जाते. भारतात दरवर्षी होणाऱ्या सव्वादोन ते अडीच कोटी जन्मांना हे प्रमाण लावल्यास अशी सु. बावीस ते पस्तीस हजार बालके प्रतिवर्षी जन्मास येत असावीत, असे अनुमान निघते.

ही विकृती शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येते व तिचे तंत्र गेल्या शतकातच परिपक्व झालेले आहे. त्यामुळे आजचा प्रश्न प्रामुख्याने शस्त्रक्रिया कशी करावी हा नसून, ती योग्य वयात त्या बालकापर्यंत कशी पोहोचावी हा आहे. दुर्गम, आदिवासी व दरिद्री वस्त्यांतील अनेक मुले उपचारांपर्यंत उशिरा पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत. टाळूच्या बाबतीत हा उशीर पुढे पूर्णपणे भरून काढता येत नाही.

गर्भविकास व कारणे : गर्भाचा चेहरा वेगवेगळ्या बाजूंनी वाढत येणाऱ्या उंचवट्यांच्या मीलनाने घडतो. वरचा ओठ व त्यामागील हिरडीचा पुढचा भाग चौथ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान सांधला जातो. टाळूचे दोन पडदे प्रथम जिभेच्या दोन्ही बाजूंस उभे असतात. पुढे जीभ खाली सरकते, पडदे आडवे होतात व बाराव्या आठवड्यापर्यंत मध्यरेषेत पुढून मागे जुळत जातात. या क्रमात कोठेही व्यत्यय आल्यास तेथे फट राहते. पुष्कळदा स्त्रीला आपण गर्भवती असल्याची खात्री पटण्यापूर्वीच ओठाची घडण पूर्ण झालेली असते.

बहुतेक रुग्णांत आनुवंशिक प्रवणता व गर्भावस्थेतील परिस्थिती यांचा संयुक्त परिणाम कारणीभूत असतो. मातेचे धूम्रपान व मद्यपान, अनियंत्रित मधुमेह, अपस्मारावरील फेनिटॉइन व व्हॅल्प्रोएट यांसारखी औषधे आणि पोषणातील उणिवा यांचा या विकृतीशी संबंध आढळला आहे. काही बालकांत ती एखाद्या व्यापक लक्षणसमूहाचा भाग असते. अशा वेळी हृदयादी अन्य अवयवांची तपासणी आवश्यक ठरते.

ग्रहणकाळात गर्भवतीने विळीने किंवा सुरीने काही चिरल्यास मुलाचा ओठ फाटतो, अशी समजूत महाराष्ट्रात व भारताच्या अन्य भागांत रूढ आहे. ग्रहणाशी या विकृतीचा संबंध जोडणारी समजूत मेक्सिकोतही आढळते. तिला शास्त्रीय आधार नाही. तिचा खरा दुष्परिणाम असा की, दोष मातेच्या माथी मारला जातो आणि जे दैवाने किंवा ग्रहाने घडले त्यावर वैद्यकीय इलाज नाही, असे कुटुंबास वाटू लागते.

प्रकार : फट एका बाजूस किंवा दोन्ही बाजूंस, अपूर्ण किंवा नाकपुडीपर्यंत पूर्ण असू शकते. एका बाजूची फट उजवीपेक्षा डावीकडे अधिक वेळा आढळते. खंडौष्ठ मुलग्यांत अधिक, तर ओठ शाबूत असताना केवळ टाळू दुभंगलेली असण्याचे प्रमाण मुलींत अधिक असते. भारतात वापरली जाणारी एक वर्गीकरण पद्धती नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्लॅस्टिक सर्जरी विभागाचे संस्थापक डॉ. सी. बालकृष्णन यांनी मांडली. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत केवळ ओठाची, केवळ टाळूची आणि ओठ, हिरडी व टाळू या तिन्हींची फट असे तीन मुख्य गट केले आहेत.

परिणाम : टाळू दुभंगलेल्या अर्भकाच्या तोंडात पोकळी बंद न झाल्याने चोखण्यास लागणारा ऋणदाब निर्माण होत नाही. दूध नाकावाटे बाहेर येते किंवा श्वासमार्गात शिरते. मूल दमते, अर्धपोटी राहते व त्याचे वजन वाढत नाही. दुर्गम भागात अशी काही अर्भके शस्त्रक्रियेचे वय येण्यापूर्वीच कुपोषणाने किंवा फुप्फुसाच्या संसर्गाने दगावतात. वास्तविक यावरील उपाय अत्यंत साधा आहे. मातेचे दूध काढून ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, मुलाला उभट धरून, थोडे थोडे पाजावे व मधूनमधून ढेकर काढावी. हे मातेला पहिल्या दोन-तीन दिवसांतच प्रत्यक्ष शिकविणे, हा या विकृतीच्या उपचाराचा पहिला टप्पा होय. त्यास शस्त्रक्रियागृह लागत नाही.

मऊ टाळूचे स्नायू घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका उघडण्याचे कामही करतात. ते नीट जुळलेले नसल्याने मध्यकर्णात द्रव साचतो व ऐकू कमी येते. हिरडीतील फटीमुळे दात वेडेवाकडे येतात.

सर्वांत दूरगामी परिणाम वाचेवर होतो. बोलताना मऊ टाळू वर उचलली जाऊन नाक व घसा यांमधील वाट बंद होते. त्यामुळेच तोंडात हवेचा दाब साठतो व प, ब, ट, द, क, ग यांसारखी व्यंजने उच्चारता येतात. ही वाट बंद झाली नाही, तर हवा नाकातून निसटते. दाबाची व्यंजने पुसट होतात व म, न ही अनुनासिकेच तेवढी स्पष्ट राहतात. मूल मग त्या व्यंजनांऐवजी कंठातच हवा अडवून वेगळे ध्वनी काढू लागते. भाषा शिकण्याच्या वयात जडलेली ही सवय पुढे टाळू शिवल्यावरही आपोआप जात नाही. शाळेत बोलणे कोणाला कळत नाही, चेष्टा होते व बुद्धीने सर्वसामान्य असलेले मूल शाळा सोडते. मुलींच्या बाबतीत विवाहाचा प्रश्न उभा राहतो.

शस्त्रक्रियेचा विकास : सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक सांधण्याचा विधी सांगितल्यानंतर ओठही त्याच रीतीने, परंतु नळ्या न घालता सांधावा, असे म्हटले आहे. चीनमध्ये जिन राजवटीच्या काळात, इ. स. चौथ्या शतकात, एका तरुणाचा जन्मजात दुभंगलेला ओठ शिवल्याची नोंद इतिहासग्रंथात आहे. त्यास शंभर दिवस केवळ पेज घेऊन मौन पाळावे लागले होते. टाळूच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ यश आले नाही. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे हे टाळूतील छिद्र बुजविण्यासाठी धातूचे झाकण वापरीत. मऊ टाळू शिवण्याचे यशस्वी प्रयत्न जर्मनीत फोन ग्रेफे (१८१६) व फ्रान्समध्ये रू (१८१९) यांनी केले. १८६१ मध्ये बर्नहार्ट फोन लांगेनबेक यांनी हाडावरील आवरणासह ऊती उचलून कठीण टाळू बंद करण्याची पद्धती वर्णिली. ओठासाठी अमेरिकन शल्यविशारद राल्फ मिलार्ड यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेली, ओठाचा एक भाग फिरवून व दुसरा पुढे सरकवून जोडण्याची पद्धती जगभर प्रचारात आली. लेनर्ड फर्लो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मऊ टाळूची लांबी वाढविली जाते व तिचे स्नायू योग्य दिशेत आणले जातात.

या प्रगतीत शुद्धिहरणाचा (भूल देण्याच्या शास्त्राचा) वाटा शल्यतंत्राइतकाच मोठा आहे. शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ या दोघांनाही अर्भकाच्या एकाच तोंडातून काम करावे लागते. १९३७ मध्ये इंग्लंडमधील फिलिप एअर यांनी टी आकाराची साधी, झडप नसलेली नळी प्रचारात आणली. तिच्यामुळे लहान मुलांना श्वासाचा अडथळा न होता भूल देणे सुकर झाले. एअर यांना स्वतःलाही जन्मतः हीच विकृती होती. आजही ग्रामीण भागात ही शस्त्रक्रिया न होण्याचे कारण पुष्कळदा शल्यचिकित्सक नसणे हे नसून, अर्भकांना भूल देण्याचा सराव असलेला तज्ज्ञ नसणे हे असते.

उपचारांचा क्रम : ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केली जाते. वय १० आठवडे, वजन १० पौंड (सु. ४·५ किग्रॅ.) व रक्तातील हीमोग्लोबिन दर १०० मिलि. मध्ये १० ग्रॅम असावे, हा ‘दहाचा नियम’ शल्यचिकित्सकांत परंपरेने प्रचलित आहे. कुपोषित बालक हे वजन वेळेवर गाठीत नाही व त्यामुळे त्याची पाळी पुढे ढकलली जाते. टाळूची शस्त्रक्रिया सामान्यतः नवव्या ते अठराव्या महिन्याच्या दरम्यान करतात. त्यानंतर श्रवणतपासणी व वाचोपचार सुरू राहतात. हिरडीतील फटीत हाडाचे रोपण आठ ते अकरा वर्षांच्या वयात, कायमचा सुळा उगवण्यापूर्वी करतात. दातांची रचना सुधारणे, गरज असल्यास जबड्याची व नाकाची शस्त्रक्रिया हे टप्पे चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत चालतात. एकूण उपचार जवळजवळ अठरा वर्षे व्यापतात. त्यांत शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, कान-नाक-घसातज्ज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ यांचा सहभाग असतो.

विलंबाचे मोल : शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांचे काय होते, याचा महत्त्वाचा अभ्यास श्रीलंकेत झाला. १९८० नंतरच्या दशकात ब्रिटिश दंतवैद्य मायकेल मार्स व त्यांचे सहकारी यांनी दक्षिण श्रीलंकेतील गॉल येथे मोठ्या वयापर्यंत शस्त्रक्रियेविना राहिलेले अनेक रुग्ण तपासले. या रुग्णांच्या वरच्या जबड्याची वाढ बरीचशी नैसर्गिक झालेली होती. बालपणी शस्त्रक्रिया झालेल्यांत जी वाढ खुंटलेली दिसते, तिच्यामागे शस्त्रक्रियेच्या व्रणांचा मोठा भाग असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. परंतु वाणीच्या बाबतीत चित्र उलट होते. मोठेपणी टाळू शिवल्यानंतरही बहुतेकांच्या उच्चारांत फारशी सुधारणा झाली नाही. म्हणजे चेहऱ्याची वाढ थांबण्याची वाट पाहू शकते, वाचा पाहू शकत नाही.

याच प्रश्नाचा दुसऱ्या टोकाने विचार करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ खंडतालू असलेल्या व अन्यथा निरोगी अशा ५५८ अर्भकांचे दोन गट करून एकावर सहाव्या, तर दुसऱ्यावर बाराव्या महिन्यात शस्त्रक्रिया करण्यात आली. पाच वर्षांच्या वयात तपासले असता सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्या गटात नाक व घसा यांमधील वाट अपुरी बंद होण्याचे प्रमाण कमी आढळले. ही चाचणी सुसज्ज रुग्णालयांत झाली होती. जेथे अर्भकांना सुरक्षितपणे भूल देण्याची व्यवस्था नाही, तेथे तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. तथापि सहा महिन्यांच्या फरकानेही वाचेत अंतर पडते, ही गोष्ट वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मुलांच्या संदर्भात विचार करण्यासारखी आहे.

अडथळे : पहिला अडथळा निदानाचा होय. ओठाची फट कोणासही दिसते, पण ओठ शाबूत असून टाळू दुभंगलेली असल्यास जन्मानंतर तोंड उघडून प्रकाशात पाहिल्याशिवाय ती कळत नाही. दुसरा अडथळा माहितीचा होय. यावर इलाज आहे, हेच अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. तिसरा अडथळा खर्चाचा. शस्त्रक्रिया मोफत असली, तरी प्रवास, मुक्काम, बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या मुलांची व गुरांची व्यवस्था हा भार कुटुंबावरच पडतो. चौथा अडथळा सूक्ष्म, पण महत्त्वाचा आहे. ओठ शिवल्यावर मूल बरे झाल्यासारखे दिसते. कुटुंबाच्या दृष्टीने उपचार संपतात, टाळूच्या शस्त्रक्रियेसाठी मूल परत येत नाही आणि वाचेचा काळ निघून जातो.

वैद्यकीय सेवांचे असमान वाटप हा या सर्वांमागील मूळ प्रश्न आहे. जगातील सु. पाचशे कोटी लोकांना सुरक्षित व परवडण्याजोगी शस्त्रक्रिया उपलब्ध नाही, असा निष्कर्ष द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये काढला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने तातडीची व अत्यावश्यक शल्यसेवा आणि शुद्धिहरण यांचे बळकटीकरण हा सार्वत्रिक आरोग्यसेवेचा भाग मानावा, असा ठराव केला.

शिबिरे व स्थायी केंद्रे : वंचित भागांत शस्त्रक्रिया नेण्याचा पहिला मार्ग शिबिरांचा होता. अमेरिकेत डोनाल्ड लॉब यांनी १९६९ मध्ये इंटरप्लास्ट ही संस्था, तर मॅगी दांपत्याने १९८२ मध्ये ऑपरेशन स्माइल ही संस्था स्थापन केली. तज्ज्ञांची पथके परदेशी जाऊन अल्पकाळात अनेक रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत. भारतात या परंपरेत डॉ. शरदकुमार दीक्षित (१९३०–२०११) यांचे नाव अग्रगण्य आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या या महाराष्ट्रीय शल्यविशारदांनी १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन विनामूल्य शिबिरे घेतली. अपघाताने आलेले अपंगत्व व कर्करोग यांनाही न जुमानता त्यांनी हे कार्य चालू ठेवले. महाराष्ट्रात भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांनी या शिबिरांचे आयोजन केले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

शिबिरांमुळे हजारो चेहरे बदलले व या विकृतीवर इलाज आहे ही वार्ता खेड्यापाड्यांत पोहोचली. त्यांची मर्यादाही स्पष्ट आहे. ओठाची शस्त्रक्रिया एका बैठकीत होते. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र रक्तस्राव व श्वसनाचे अडथळे यांवर लक्ष ठेवावे लागते, टाळूत पुन्हा छिद्र पडल्यास दुरुस्ती करावी लागते व वाचोपचार वर्षानुवर्षे चालतात. पथक निघून गेल्यावर हे कोण करणार, हा प्रश्न उरतो. म्हणून पुढे स्थानिक शल्यचिकित्सकांना साहाय्य देऊन वर्षभर सेवा चालविण्याची पद्धती स्वीकारली गेली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या स्माइल ट्रेन या संस्थेने स्थानिक रुग्णालयांस शस्त्रक्रियांचा खर्च व प्रशिक्षण देण्याचे धोरण अवलंबिले. तिच्या साहाय्याने जगभरात १५ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत. आसाममध्ये राज्य शासन, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, टाटा न्यास व ऑपरेशन स्माइल यांच्या सहकार्याने २०११ मध्ये गुवाहाटी येथे सर्वांगीण उपचारांचे स्थायी केंद्र सुरू झाले. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातील एका मुलीच्या उपचारांवरील स्माइल पिंकी या लघुमाहितीपटास २००९ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. गावोगाव फिरून रुग्ण शोधणाऱ्या समाजकार्यकर्त्याचे महत्त्व त्यात प्रकर्षाने दिसते.

वाचोपचार हा या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा आहे, कारण प्रशिक्षित तज्ज्ञ बहुतांशी शहरांत असतात व उपचार वारंवार घ्यावे लागतात. तमिळनाडूत चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेने तिरुवन्नामलाई जिल्ह्यात यावर एक मार्ग काढला. तेथे स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घरोघरी उच्चारांचा सराव करून घेतला जातो. मुलाच्या मातृभाषेत बोलणारी, त्याच परिसरातील व्यक्ती हे काम करते, हे या योजनेचे बलस्थान होय.

शासकीय व्यवस्था : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रात, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी ज्या विकारांसाठी या कार्यक्रमात केली जाते, त्यांत खंडौष्ठ व खंडतालू यांचा समावेश आहे. नवजात अर्भकांची तपासणी प्रसूतिस्थानी व आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत होते. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा फिरत्या वैद्यकीय पथकाकडून तपासणी होते. आढळलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवून मोफत उपचारांची सोय केली जाते. शोध, पाठवणी व पाठपुरावा यांची ही चौकट वर वर्णिलेल्या बहुतेक अडथळ्यांना उत्तर देऊ शकते. तिचे यश मात्र जन्माच्या दिवशी अर्भकाची टाळू पाहिली जाते की नाही आणि ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाचे नाव नोंदवहीत चालू राहते की नाही, यांवर अवलंबून आहे.

गर्भधारणेपूर्वी व प्रारंभीच्या महिन्यांत फॉलिक अम्ल घेणे, तंबाखू व मद्य टाळणे आणि अपस्मार असल्यास गर्भधारणेपूर्वीच औषधांबाबत सल्ला घेणे हे उपाय हितकर असले, तरी ही विकृती पूर्णतः टाळता येत नाही. म्हणून अशी मुले जन्मास येत राहणार, हे गृहीत धरूनच सेवेची आखणी करावी लागते. त्या सेवेचे मोजमाप झालेल्या शस्त्रक्रियांच्या संख्येने करण्याची प्रथा आहे. तथापि किती मुलांची टाळू बोलू लागण्याच्या वयापूर्वी शिवली गेली व शाळेत जाताना किती मुलांचे बोलणे इतरांना कळते, हे तिचे अधिक योग्य माप होय.